पुण्याहून मेलबर्नला घरसामान समुद्रमार्गे : काय न्यावे, काय ठेवावे?

औंधकर | १४ ऑगस्ट

नमस्कार. येत्या डिसेंबरात आम्ही चौघे, म्हणजे पत्नी, दोन मुली आणि मी, कायमच्या वास्तव्यासाठी मेलबर्नला जात आहोत. विमानातून जे नेता येईल ते कपडे, कागदपत्रे आणि मुलींच्या शाळेच्या वस्तू यांतच संपेल, त्यामुळे उरलेले घरसामान जहाजाने पाठवावे असा विचार आहे. तीन कंपन्यांचे लोक येऊन घर पाहून गेले. त्याच घराचा, त्याच सामानाचा अंदाज एकाने ६ घनमीटर सांगितला, दुसऱ्याने ८ आणि तिसऱ्याने साडेनऊ. दरांत तर याहूनही अधिक तफावत आहे.

आमच्या यादीत लोखंडी कपाट, सागवानी देवघर, सुमारे चारशे पुस्तके, शिवणयंत्र, मिक्सर, मुलींच्या दोन सायकली, स्वयंपाकघरातील पितळी व स्टीलची भांडी, चार लाकडी पाट आणि आईच्या आग्रहास्तव पाटा-वरवंटा एवढे आहे. पाटा-वरवंट्यावरून घरात मतभेद आहेत. वीस-पंचवीस किलोचा दगड सातासमुद्रापार नेणे हा वेडेपणा आहे असे पत्नीचे म्हणणे, आणि पाटा मागे राहिला तर त्या घरात मी चटणी खाणार नाही, असे आईचे. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रिकामटेकडा | १४ ऑगस्ट

काहीच नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जहाजाच्या भाड्यात तिथे अर्धे घर उभे राहते, आणि जुन्या वस्तू तर तिकडे लोक रस्त्याच्या कडेला फुकट ठेवतात.

यारावासी | १५ ऑगस्ट

औंधकर, मी अकरा वर्षांपूर्वी ठाण्याहून मेलबर्नला आले, आणि त्यानंतर नातेवाइकांची दोन बिऱ्हाडे इकडे येताना त्यांच्या यादीवर माझाच हात फिरला. त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी की घरसामानाचे समुद्रभाडे वजनावर नव्हे तर आकारमानावर ठरते. विमानप्रवासामुळे आपल्या मनात किलो इतके पक्के बसलेले असतात, की जड वस्तू महाग आणि हलकी वस्तू स्वस्त असेच आपण धरून चालतो. इथे हिशेब नेमका उलटा आहे. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल असे लोखंडी कपाट जवळजवळ ३० घनफूट जागा खाते. एक घनमीटर म्हणजे साधारण ३५ घनफूट, तेव्हा एकट्या कपाटाने पाऊण घनमीटरहून अधिक जागा घेतली, आणि त्यात आहे काय, तर हवा. न्यायचेच असेल तर ते आतून गच्च भरून न्यावे. मात्र भरलेले कपाट उचलायला अनेक कंपन्या तयार नसतात. इथल्या बहुतेक घरांत भिंतीतली कपाटे असतातच, त्यामुळे मी ते ठेवूनच येईन. उलट चारशे पुस्तके लहान खोक्यांत नीट रचली तर एक घनमीटरच्या आतबाहेर मावतील. आणि आपला पाटा-वरवंटा कितीही जड असला तरी एका छोट्या खोक्याएवढीच जागा घेणार. आपल्या मातोश्रींचे म्हणणे भावनेच्या दृष्टीने कसे आहे ते आपण ठरवा, पण भाड्याच्या दृष्टीने ते बिनचूक आहे.

तीन अंदाजांत फरक पडण्याचे कारण बहुधा हे, की एकाने सामान उघडे मोजले, दुसऱ्याने वेष्टनासह मोजले आणि तिसऱ्याने सायकली व देवघर यांच्यासाठी लाकडी पेट्या धरल्या. दर लेखी मागवताना दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : अंतिम भाडे प्रत्यक्ष मोजलेल्या घनमीटरवर लागणार की अंदाजावर, आणि दर घरापासून बंदरापर्यंतचा आहे की घरापासून घरापर्यंतचा. सर्वांत कमी दर सांगणारा माणूस पुष्कळदा मेलबर्नच्या बंदरावर आपले बोट सोडतो, आणि तिथून पुढे बंदराची हाताळणी, कंटेनर रिकामा करणे, गोदामभाडे, तपासणीची फी आणि घरपोच वाहतूक हे सारे डॉलरमध्ये आपल्या माथी येते. आठ घनमीटर म्हणजे पूर्ण कंटेनर नव्हे. वीस फुटी कंटेनरच्या पोटात साधारण ३३ घनमीटर जागा असते. म्हणजे आपले सामान इतरांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमध्ये येणार, तो भरेपर्यंत तिकडे थांबणार, आणि त्यात कोणाच्या सामानात काही सापडले तर आपणही खोळंबणार, हे गृहीत धरून तारखा ठरवाव्यात.

आता मुख्य विषय, जैवसुरक्षा. सीमाशुल्काचे काम तुलनेने सोपे आहे. बी-५३४ नावाचा एक अर्ज असतो, त्यात सामानाची माहिती द्यायची असते, आणि निघण्यापूर्वी किमान बारा महिने आपल्या मालकीच्या व वापरातल्या असलेल्या घरगुती वस्तूंवर शुल्क लागत नाही. म्हणून जाण्यापूर्वी नवा मिक्सर, नवी गादी, नवा टीव्ही अशी खरेदी करून तीच जहाजात भरणे हा दुहेरी तोटा आहे. जुना मिक्सर मात्र खुशाल आणावा. इथेही वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचीच आहे, फक्त पिनचा आकार वेगळा, आणि इडलीचे पीठ वाटणारा मिक्सर इथल्या साध्या दुकानांत मिळत नाही.

जैवसुरक्षेचे अधिकारी मात्र आपल्या वस्तूंकडे निराळ्याच नजरेने पाहतात. त्यांना माती, बी, साल, भुसा, पिसे, कातडे आणि लाकूड पोखरणारी कीड यांच्याशी कर्तव्य असते. सायकलींची चाके, चिखलपट्टी आणि साखळी दात घासण्याच्या ब्रशने धुऊन काढावी. ट्रेकचे बूट आणि क्रिकेटचे खिळ्यांचे बूट यांच्या तळातली सह्याद्रीची किंवा मैदानाची माती पूर्ण काढावी. केरसुणी, शिंदीचा झाडू, बांबूचे सूप, परडी, मोरपिसे, फुलांचे वाळके हार, देवघरातल्या सुपाऱ्या, हळकुंडे आणि अक्षता यांतले काहीही पाठवू नये. देवघराचे खण हाताने चाचपून पाहावेत. आमच्या देवघराच्या मागच्या फटीत चार वर्षांपूर्वीच्या अक्षता होत्या.

अन्नपदार्थ जहाजाने अजिबात पाठवू नयेत, हे मी ठळक अक्षरांत लिहिले असते तर बरे. तांदूळ, गहू, हरभरा, मूग, मसूर, तूर, चवळी, शेंगदाणे, जिरे, धने, बडीशेप आणि सुक्या मिरच्या या साऱ्यांवर, खपरा भुंगेऱ्याच्या धोक्यामुळे, जहाजाने येणाऱ्या वैयक्तिक सामानात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, आणि ऑक्टोबर २०२० पासून ती प्रवाशांच्या बरोबरच्या सामानाला व टपालालाही लागू झाली. भारतात हा भुंगेरा आढळतो. हा भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा, पण त्याची अळी फटीत दडून अन्नाशिवाय वर्षानुवर्षे जिवंत राहते, आणि साठवणीतल्या धान्याचा ती भुगा करते. धान्य निर्यात करणाऱ्या देशाला हा जीव आपल्या गोदामांत शिरणे परवडणारे नाही. २००७ साली पर्थमध्ये तो सापडला होता तो एका स्थलांतरित कुटुंबाच्या घरसामानातच. त्यामुळे इथले अधिकारी जिऱ्याच्या चार दाण्यांवरून गंभीर होतात तेव्हा ते छळत आहेत असे मानू नये. इथली भारतीय किराणा दुकाने सगळ्या मालाने भरलेली आहेत. भाजणी तेवढी चांगली मिळत नाही, पण तिच्यापायी सगळे सामान अडकवू नये.

न्हावाशेवा | १५ ऑगस्ट

यारावासीताईंनी तिकडची बाजू उत्तम मांडली आहे. मी तीस वर्षे सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटच्या कचेरीत होतो. तेव्हा इकडची बाजू लिहितो.

निर्यातीसाठी पासपोर्ट, व्हिसा व तिकिटाच्या प्रती आणि खोक्यांची क्रमवार यादी लागते, आणि त्यावर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सकडचा अर्ज, दाखल होते. माझ्या अनुभवात अडचणी येतात त्या या यादीतून. सामान बांधणारी मुले भराभर खोकी भरतात आणि वर ‘किचन’, ‘मिसलेनियस’ असे लिहून मोकळी होतात. असा शब्द वाचला की दोन्हीकडच्या अधिकाऱ्याला खोके उघडावेसे वाटते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. खोका क्रमांक, आतल्या वस्तूंची नावे, नग, त्या जुन्या असल्याचा उल्लेख आणि किंमत एवढे प्रत्येक ओळीत असावे. किंमत विम्यासाठी, तशीच वस्तू तिकडे पुन्हा घेण्याच्या खर्चाएवढी धरावी आणि तीच सर्व कागदांवर ठेवावी. कस्टम्सला एक आणि विमा कंपनीला दुसरी असे करणारे लोक नुकसान झाल्यावर दोन्हीकडे अडकतात.

विम्याबद्दल आणखी एक. मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यांत फुटतूट झाली तर बहुतेक पॉलिसी भरपाई देत नाहीत. संपूर्ण खोका हरवला तरच देतात. त्यामुळे काचसामान बांधणाऱ्यांकडून बांधून घ्यावे, पण आपण शेजारी वही घेऊन बसावे. चहाला उठलात तरी कोणाला तरी तिथे बसवून जावे.

आता पितळी भांड्यांविषयी. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र किंवा कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेल्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. घरातला रोजचा तांब्या किंवा परात याने कोणाचे लक्ष वेधले जात नाही, पण देवघरातला जुना नक्षीदार पंचायतन संच, पणजोबांच्या हातची पोथी किंवा मोडी लिपीतले दस्तऐवज असतील तर ते आधी वेगळे काढावेत. वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो, पण तो आधीच घ्यायचा असतो. कंटेनर बंदरात उभा असताना त्यासाठी धावपळ करून उपयोग नाही. आणि खरोखरच जुनी पोथी असेल तर ती जहाजाच्या दमट पोटात घालण्यापेक्षा इकडच्या एखाद्या संशोधन संस्थेकडे सोपवलेली बरी, असे मी निवृत्त माणूस म्हणून सुचवतो.

तंबोरा | १६ ऑगस्ट

वाद्यांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून माझी भर. मी मिरजेहून घेतलेला तानपुरा ॲडलेडला नेला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे येथील वाचकांना ठाऊक असेलच, पण तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखी तो वाळवलेला भोपळा आणि लाकूड एवढाच असतो. मी पाठवण्यापूर्वी कारागिराकडून आत बी किंवा गर शिल्लक नाही याची खात्री करून घेतली, वाद्याची छायाचित्रे काढली, आणि यादीत ‘तानपुरा’ एवढेच न लिहिता ‘वाळवलेल्या, पॉलिश केलेल्या भोपळ्याचे तंतुवाद्य’ असे लिहिले. तारा सैल केल्या, घोडी काढून वेगळी गुंडाळली, आणि कडक पेटीत भोपळ्याभोवती जुन्या साड्या कोंबल्या. गवत किंवा पेंढा भरण म्हणून चुकूनही वापरू नये. लाकडी पेटी करणार असाल तर तिच्या लाकडावर उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. साध्या फळ्यांची पेटी चालत नाही. तबल्याची जोडी मात्र मी ठेवून आलो, कारण कातड्याच्या तपासणीचा व्याप मला नको होता.

टोरांटोची_थंडी | १८ ऑगस्ट

विषय मेलबर्नचा आहे, पण कॅनडाला जाणारे कोणी हे वाचत असतील म्हणून थोडक्यात. आमच्याकडे पहिल्यांदा उतरताना विमानतळावरच दोन याद्या द्याव्या लागतात, एक बरोबर आणलेल्या सामानाची आणि दुसरी मागाहून येणाऱ्या सामानाची. त्यासाठी बीएसएफ-१८६ हा अर्ज आहे. दुसरी यादी त्या वेळी दिली नाही तर वर्षभराने येणाऱ्या सामानावर सवलत मागताना पंचाईत होते. एका वस्तूची किंमत १०,००० कॅनेडियन डॉलरहून अधिक असेल तर वरच्या रकमेवर शुल्क लागते, आणि दागिन्यांची वर्णने व छायाचित्रे जोडलेली बरी. ‘मंगळसूत्र’ हा शब्द तिथल्या अधिकाऱ्याला कळेल अशी अपेक्षा मी केली होती, ती चुकली.

औंधकर | २० ऑगस्ट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लोखंडी कपाट रद्द केले. सायकलीही रद्द, कारण एक तर मुलींची उंची वाढते आहे, आणि दुसरे म्हणजे त्या घासत बसण्याचा उत्साह घरात कोणालाही नाही. देवघर चाचपले, यारावासीताईंनी म्हटल्याप्रमाणे अक्षता निघाल्या, शिवाय एक जुने पाच पैशांचे नाणे. न्हावाशेवाकाकांच्या सांगण्यावरून आजोबांच्या मोडीतल्या वह्या वेगळ्या काढल्या असून त्या धाकट्या भावाकडे राहतील. एक शंका : पाट्याच्या खाचांत जुन्या मसाल्याचा अंश राहतो, त्याचे काय करावे?

यारावासी | २० ऑगस्ट

कडकडीत गरम पाण्यात सोडा घालून ताठ ब्रशने घासावा, आणि दोन-तीन दिवस उन्हात पूर्ण कोरडा होऊ द्यावा. ओलसर दगड खोक्यात बंद केला तर बुरशी धरते. वरवंटा त्याच खोक्यात, पण वेगळा गुंडाळून ठेवावा, नाहीतर तो पाट्याचे आणि शेजारच्या भांड्यांचे काय करील ते सांगायला नको. यादीत मात्र ‘चटणी वाटण्याचा दगड, स्वच्छ केलेला’ असे लिहावे.

औंधकर | १९ मार्च

बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे. सामान मिळाले, पुण्याहून उचलल्यापासून दारात येईपर्यंत ८१ दिवस लागले. ६.८ घनमीटर, ५४ खोकी. काचसामान शाबूत आहे. देवघराचा कळस उकलला आहे, पण तो डिंकाने बसेल. जे अडले त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण सर्वांनी इतके बजावूनही चूक झालीच.

खोका क्रमांक १७ वर ‘स्टीलची भांडी, जुनी, २२ नग’ असे मी स्वतः लिहिले होते. बांधणी सुरू असताना शेजारी निरोप द्यायला आले आणि मी दहा मिनिटे दाराशी गेलो. तेवढ्यात मांडणीवरचा मिसळणाचा डबा, आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत वापरत होतो तो, त्या मुलाने झाकणाला चिकटपट्टी लावून आत ठेवून दिला. त्याचा दोष नाही. तो स्टीलचा डबाच होता. मेलबर्नच्या गोदामात तपासणीत नऊ खोकी उघडली गेली आणि त्यांत सतरावे होते. सात वाट्यांत मोहरी, जिरे, धने, हळद, तिखट, हिंग आणि मेथी, सारे जसेच्या तसे. ते यादीत नव्हते आणि त्यातले जिरे व धने तर सरळ बंदीच्या यादीतले. अधिकारी बाई शांत होत्या, ओरडल्या वगैरे नाहीत, पण त्यानंतर उरलेली सगळी स्वयंपाकघराची खोकी उघडण्यात आली. मसाला नष्ट केला. वाढीव तपासणीची फी आणि गोदामाचे जादा दिवस मिळून जे बिल आले त्यात मिसळणाचे शंभर नवे डबे आले असते.

दुसरे, चार पाटांपैकी एकाच्या खालच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि त्यांतून सांडलेली बारीक पूड निघाली. आम्ही वरून पॉलिश केले होते, पण पाट उलटा करून कोणी पाहिला नव्हता. धुरी देणे, परत पाठवणे किंवा नष्ट करणे असे तीन पर्याय दिले, तिन्ही आमच्या खर्चाने. तो पाट लग्नातला असल्याने धुरी निवडली.

न्हावाशेवा | १९ मार्च

दहा मिनिटांसाठीही कोणाला तरी बसवायला सांगितले होते, एवढेच म्हणतो. पाट वाचला हे बरे झाले.

रिकामटेकडा | २० मार्च

मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. असो. पाट्याचे काय झाले?

औंधकर | २० मार्च

पाटा-वरवंट्याचे खोके उघडले गेले, वर्णन वाचले गेले, आणि काही न विचारता बंद झाले. संपूर्ण सामानात विनातक्रार आलेली ती एकमेव जड वस्तू. गेल्या रविवारी पत्नीनेच त्यावर लसणाची चटणी वाटली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली.

यारावासी | २० मार्च

अभिनंदन. एकच गोष्ट राहिली. वर्षभराने पाटा गुळगुळीत होईल, आणि ‘टाकी लावायची का टाकी’ म्हणत दारावरून जाणाऱ्या बायका मेलबर्नमध्ये नाहीत. माझा पाटा म्हणूनच आता कुंडीखाली आहे.

औंधकर | २१ मार्च

खोका क्रमांक ४४ : छिन्नी एक, हातोडी एक, जुनी, स्वच्छ केलेली. निघण्यापूर्वी आईने टाकीवालीला घरी बोलावून मला समोर बसवून शिकायला लावले होते. कुंडी उचलून ठेवा, पुढच्या शनिवारी येतो.